करुण नायरच्या ७७९ धावा फुकटच्या होत्या म्हणे!

जामठा_पूर्वेचा
काल दुसऱ्या एका चर्चेत आझादमैदान_११ यांनी लिहिलं : "विजय हजारेतल्या धावा म्हणजे पाटा खेळपट्टीवरची लूट. करुण नायरचं खरं माप इंग्लंडमध्ये निघालं. चॅम्पियन्स ट्रॉफीला त्याला घेतलं नाही ते योग्यच. आणि विदर्भवाल्यांनी कशाला नाचायचं? धावा काढणारा त्यांचा होता तरी का?"

रात्रभर डोक्यात हेच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

विजय हजारे म्हणजे राज्य संघांची वनडे स्पर्धा, आणि मूळ कर्नाटकचा करुण तेव्हा आमच्या विदर्भाकडून खेळत होता. २०२४-२५ चा तो हंगाम मी पहिल्या सामन्यापासून पाहिला. नाबाद ११२, नाबाद ४४, नाबाद १६३, नाबाद १११. मग विजयनगरमला उत्तर प्रदेशविरुद्ध ११२ वर बाद झाला. हंगामात पहिल्यांदा! बाद न होता ५४२ धावा. लिस्ट ए, म्हणजे अधिकृत वनडे क्रिकेटमध्ये याआधी कोणालाच जमलं नव्हतं. जेम्स फ्रँकलिनचा ५२७ चा विक्रम मागे पडला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत राजस्थानविरुद्ध नाबाद १२२, उपांत्य फेरीत महाराष्ट्राविरुद्ध ४४ चेंडूंत नाबाद ८८. फायनल धरून आठ डावांत ७७९ धावा, दोनदा बाद, सरासरी ३८९.५०.

खेळपट्टी पाटा होती तर ती बाकीच्यांनाही तीच होती ना? बहुतेक डाव पाठलागातले होते. उत्तर प्रदेशने तीनशेच्या वर केल्या होत्या, राजस्थानने २९१. पाठलागात एक चूक झाली की सामना हातचा जातो. तिथे पुन्हा पुन्हा शेवटपर्यंत उभं राहणं याला लूट म्हणता?

आणि वनडेतल्या धावांचा हिशेब इंग्लंडमधल्या कसोटीत का मागता? हा कुठला न्याय?

आझादमैदान_११
माझं नाव घेतलंत, तर उत्तर देतो.

त्या हंगामातला मुंबई-कर्नाटक सामना आठवा. श्रेयसने ५५ चेंडूंत नाबाद ११४ केल्या, आमच्या झाल्या ४ बाद ३८२. कर्नाटकने त्या ४७ व्या षटकात पार केल्या, कृष्णन श्रीजित नाबाद १५०. ३८२ पुरत नाहीत तिथे शतकाची किंमत काय उरते? आयुष म्हात्रेने १७ व्या वर्षी नागालँडविरुद्ध १८१ केल्या. पोरगा आमचाच आहे, गुणी आहे, पण त्या १८१ वर त्याला भारतीय संघात घ्या असं मीही म्हणणार नाही.

आता मुद्द्याचं. १८ जानेवारीला संघ जाहीर झाला तेव्हा कोणाला काढायचं होतं? रोहित, गिल, विराट, श्रेयस, राहुल. एक नाव सांगा. निवड समितीचे प्रमुख आगरकर तेव्हा म्हणाले त्याचा अर्थ एवढाच होता की अशी सरासरी खासच आहे, पण पंधरा जणांत सगळे बसत नाहीत. आपण दुबईत एकही सामना न हरता ट्रॉफी आणली. श्रेयसच्या २४३, आपल्याकडून सर्वाधिक. विषय संपला.

लेगबाय
विषय कसा संपला? वरुण चक्रवर्तीने याच विजय हजारेत ६ सामन्यांत १८ बळी घेतले होते. आधी संघात नव्हता, फेब्रुवारीत घेतला आणि दुबईत न्यूझीलंडचे पाच टिपले. गोलंदाजाचा हंगाम मोजायचा आणि फलंदाजाचा पाटा म्हणून सोडून द्यायचा?

आझादमैदान_११
वरुणला घेतलं ते इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी मालिकेमुळे. हजारेचा त्यात वाटा असेल तर थोडाफार. थोडाफार, एवढंच कबूल.

गहुंजेकर
निवड समितीचं राहू द्या. "धावा काढणारा त्यांचा होता तरी का" या वाक्यावर कोणी बोलत नाही, मला बोलायचंय.

उपांत्य सामना मी ऑफिसात मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवून पाहिला. आपण, म्हणजे महाराष्ट्राने, नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं आणि २२४ ची सलामी खाल्ली. ध्रुव शोरी ११४, यश राठोड ११६. मग करुण आला. ३ बाद ३८०. आपण ३११ पर्यंत गेलो, अर्शिन कुलकर्णी ९० वर बाद झाला तेव्हा ड्रॉवर बंद केला.

आता बघा. शोरी दिल्लीचा, करुण कर्नाटकचा. आमची पोरं पुण्यात, नाशकात, सोलापुरात वाढलेली, आणि समोर दोन शहरांतून आणलेले प्रोफेशनल. हरल्याचं दुःख नाही, पण त्याला विदर्भाचं क्रिकेट म्हणू नका.

जामठा_पूर्वेचा
काहून भाऊ, यश राठोड दिसला नाही का तुम्हाला? शोरीपेक्षा दोन धावा जास्त त्याच्या! त्याच सामन्यात तीन बळी घेणारा दर्शन नळकांडे वर्ध्याचा. ३३ चेंडूंत ५१ करणारा जितेश अमरावतीचा. अंतिम सामन्यात ३० चेंडूंत ६३ करणारा हर्ष दुबे आमचाच. सोयीचं तेवढंच बघायचं?

आणि रजनीश गुरबानी कोणाकडून खेळत होता त्या हंगामात? इंदूरच्या रणजी फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा आमचा पोरगा तुमच्या संघात गेला तेव्हा तो पाहुणा नव्हता? पुढच्या हंगामात पृथ्वी शॉ आणि जलज सक्सेना आणलेत. ते कुठल्या पेठेतले?

गहुंजेकर
पेठ काढायचं कारण नव्हतं. मी सोलापूरचा आहे आणि मी कोणाच्या गावावर गेलो नाही.

शॉ आणि सक्सेनाला आणलं तेही मला पटलेलं नाही. दोन्हीकडे चूक ती चूकच.

यवतमाळची_आई
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते.

माझा मुलगा चौथ्या क्रमांकावर खेळतो. एका निवड चाचणीसाठी आम्ही रात्रीच्या एसटीने निघालो, पहाटे पोचलो. शर्टावर पिनेने नंबर लावलेला, १४७. दुपारी अडीचला नेटमध्ये आत घेतलं. आठ चेंडू मिळाले. मी जाळीच्या बाहेरून मोजले. दुसरा बॅटच्या मधोमध बसला, तो आवाज अजून कानात आहे. आठव्यानंतर "नेक्स्ट". पॅड सोडताना तो एवढंच म्हणाला, "आई, चौथ्याची जागा तर भरलेलीच आहे."

करुण नायर चांगलाच आहे, मी त्याचे सामने बघते. पण तो ज्या क्रमांकावर येतो तिथे कोणाचा तरी मुलगा असता. तुम्ही सगळे ७७९ मोजता, ती एक जागा कोणी मोजत नाही.

गहुंजेकर
ताई, हेच मला म्हणायचं होतं. मला इतकं नीट सांगता आलं नाही.

स्कोअरबुक
ताई, मुलाच्या वाट्याला आलं ते वाईटच. आठ चेंडूंत फलंदाज कळत नाही, हे मी चौदा वर्षं मैदानावर गुण लिहून सांगतो. पण तो दोष चाचणी घेणाऱ्यांचा. तो करुणच्या खात्यात टाकू नका.

मी लीग खेळायचो तेव्हा आमच्या क्लबने बाहेरचा एक फलंदाज आणला. माझीच जागा गेली. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. एका सामन्यात बदली धावपटू म्हणून त्याच्यासाठी पळायला मैदानात गेलो. तो प्रत्येक चेंडूआधी क्षेत्ररक्षकांचे हात बघायचा. म्हणाला, "डीप पॉइंट डावरा आहे, उजवीकडे गेला की वळायला वेळ लागतो, तिथे दोन घ्यायच्या." तोवर मी चेंडू बघून पळायचो. पुढची आठ वर्षं मी हात बघून पळालो आणि हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं.

मार्च २०२५ ला विदर्भाने रणजी जिंकली. नागपूरच्या जामठा मैदानावरच्या त्या फायनलमध्ये पहिल्या दिवशी ३ बाद २४ होते. दानिश मालेवार या नागपूरच्या पोरासोबत करुणने २१५ जोडल्या. मालेवार १५३, करुण ८६ वर धावबाद. दुसऱ्या टोकाला करुण नसता तर मालेवारच्या १५३ झाल्या असत्या का? मला नाही वाटत. त्या हंगामात रणजीत सर्वाधिक धावा यश राठोडच्या, ९६०. हर्ष दुबेचे ६९ बळी, एका हंगामातला विक्रम. पाहुण्यांनी जागा खाल्ल्या असत्या तर ही पोरं आली कुठून?

आझादमैदान_११
हे मात्र वसीम जाफरच्या वेळेपासून ऐकतोय. आमचा माणूस तुमच्याकडे आला, गणेश सतीश कर्नाटकातून आला, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक, तेही मुंबईचे. मग २०१७-१८ ची रणजी मिळाली. विदर्भाच्या यशात मुंबईचा हात आहे हे एकदा तरी मोठ्याने म्हणा.

जामठा_पूर्वेचा
म्हणतो ना! जाफरने विजयी चौकार मारला तेव्हा मी रडलो होतो. पंडित सरांनी संघाला शिस्त लावली, नागपुरात हे कोणीच नाकारत नाही. पण त्या संघाचा कर्णधार फैज फझल होता, आणि उमेश यादव खापरखेड्याच्या कोळसा खाणीजवळून आला होता. आमच्याकडे आधी काहीच नव्हतं असं बोललात की डोकं फिरतं.

लेगबाय
सगळ्यांना एक विचारतो. ही स्पर्धा ज्यांच्या नावाने आहे ते विजय हजारे सांगलीचे. महाराष्ट्राकडून खेळले आणि मग बडोद्याकडून. १९४७ च्या रणजी फायनलमध्ये गुल महंमदसोबत ५७७ ची भागीदारी केली ती बडोद्यासाठी, होळकरविरुद्ध. त्या होळकर संघाला मोठं करणारे सी. के. नायडू मूळ नागपूरचे. आता हजारेंना बडोद्याचे पाहुणे म्हणायचं का? २०२४-२५ ची फायनलही बडोद्यातच झाली, योगायोग बघा.

गहुंजेकर
तेव्हा संस्थानिक खेळाडूला नोकरी द्यायचे. माणूस तिथे राहायचा, घर करायचा. करुण दोन हंगाम खेळला आणि परत कर्नाटकात गेला. तुलना ताणू नका.

पण मालेवारचा मुद्दा मी खोडू शकत नाही. इतकं मान्य, पुढे नाही.

जामठा_पूर्वेचा
तो परत गेला याचं मलाही लागलं. फायनलमध्ये त्याच कर्नाटकने ३४८ केल्या, स्मरणचं शतक, अभिनव मनोहरच्या ४२ चेंडूंत ७९. करुणला प्रसिधने २७ वर बोल्ड केलं तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला. शोरीचं बाद फेरीतलं सलग तिसरं शतक आलं तेही आवाजाविना बघितलं. हर्षने आशा लावली, ३६ धावा कमी पडल्या. आणि त्याच दिवशी मुंबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा संघ जाहीर झाला, त्यात त्याचं नाव नाही. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने लिहिलं होतं, क्रिकेटा, मला अजून एक संधी दे. ज्या माणसाने चेन्नईत कसोटीत ३०३ केल्या त्याला कर्नाटकच्या संघातही जागा नव्हती, ती आम्ही दिली. त्याने परत केली ती व्याजासकट. म्हणून त्याच्या धावांना लूट म्हटलं की मी भांडणार.

आझादमैदान, तुम्ही विचारलेलं एक नाव मला सुचत नाही. रात्रभर शोधलं. पाचांपैकी कोणालाही काढता येत नव्हतं. घ्या, हे तुमचं. पण "लूट" हा शब्द मागे घ्या.

आझादमैदान_११
इंग्लंडमध्ये चार कसोटींत ओव्हलचं ५७ सोडलं तर अर्धशतक नाही, हे मी मागे घेणार नाही.

लूट हा शब्द घेतो. पाठलागातल्या डावांना तो लागू होत नाही. चंदीगडविरुद्धचे १६३ काल रात्री पुन्हा बघितले. चेंडू अगदी जवळ येऊ देतो आणि शेवटच्या क्षणी मनगटाने दिशा देतो. हात चांगलेच आहेत.

यवतमाळची_आई
स्कोअरबुक दादा, क्षेत्ररक्षकाच्या हातांचं तुम्ही लिहिलं ते मुलाला वाचून दाखवलं. जेवता जेवता ऐकत होता. म्हणाला, विचार, चेंडू हवेत असताना बघायचं की आधी?

स्कोअरबुक
आधी. गोलंदाज मार्काकडे परत चाललेला असतो तेव्हा. सगळं मैदान एकदा फिरून बघायचं, कोण डावरा आहे, कोणाचा खांदा दुखतोय, कोण एका हाताने उचलतो. गोलंदाज वळला की मग फक्त चेंडू.

त्याचा पुढचा सामना कुठे आहे ते कळवा. जवळ असेल तर त्या दिवशी वही घेऊन येतो.