मराठी चित्रपट आहे म्हणून गुण वाढवून द्यायचे का?

गिरणगावकर (लालबाग):

यंदा चित्रपटगृहात जाऊन मी दोनच मराठी चित्रपट पाहिले. १ मे २०२५ रोजी प्रदर्शित झालेला ‘आता थांबायचं नाय’ आणि १२ सप्टेंबरला आलेला ‘दशावतार’. पहिल्यावर घरात एकमत होते. दुसऱ्यावरून धाकट्या भावाशी जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही, म्हणून येथे मत विचारतो आहे.

‘दशावतार’ आम्ही दादरला पाहिला. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होऊन गेली होती आणि गावाहून परतलेली मंडळी अजून गणपतीच्याच हवेत होती. कोकणातल्या दशावतार या लोकनाट्याचा वृद्ध कलावंत बाबुली मेस्त्री तोंड रंगवायला बसतो, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतल्या आजींनी नातवाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, ‘‘आमचो मामाव असोच रंगाक बसायचो.’’ कोणीही त्यांना ‘शू’ केले नाही. बाबुली झालेले दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. ‘हसवाफसवी’त एकाच नाटकात सहा भूमिका करणाऱ्या या नटाला या वयात इतकी रूपे घेताना पाहून मलाही भरून आले, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

परंतु मध्यंतरानंतर चित्रपट खाणवाल्यांविरुद्धच्या सूडकथेकडे वळला, तसतसा मी त्यातून बाहेर पडत गेलो. पुढे काय होणार हे दोन-दोन प्रसंग आधी कळू लागले आणि एका चांगल्या कल्पनेची लांबण लागली. घरी परतताना हे बोललो, तर भाऊ उसळला. त्याचे म्हणणे असे की, हिंदीत याहून शंभर पटींनी ढिसाळ चित्रपट आपण टाळ्या वाजवत पाहतो आणि आपल्या माणसाने काही मोठे करायला घेतले की भिंग घेऊन बसतो. ‘‘मराठी आहे, थोडे सांभाळून घे,’’ हे त्याचे शेवटचे वाक्य. माझा प्रश्न एवढाच आहे की, हे सांभाळून घेणे योग्य आहे का? आणि आपण सगळे नकळत ते करतो का?

भांडुपचा चाकरमानी:

गिरणगावकर साहेब, आपल्या बंधूंची बाजू मी घेणार नाही, पण आपण लावलेला मापदंडही मला तपासून पाहावासा वाटतो. माझे मूळ गाव वेंगुर्ला तालुक्यातले. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर अशा मंडळ्यांपैकी एखादीचा खेळ देवळासमोर लागायचा. देवळाच्या पडवीत पेटाऱ्याला आरसा टेकवून, एका बल्बच्या उजेडात प्रत्येक नट आपले तोंड आपणच रंगवतो. तेथे रंगभूषाकार नावाचा वेगळा माणूस नसतो. लिहिलेली संहिताही नसते. आख्यान कोणते लावायचे ते ठरते आणि मग राजपार्ट (नायक), खलपार्ट (खलनायक), स्त्रीपार्ट करणारे नट उभ्याउभ्या संवाद रचत जातात. स्त्रीपार्ट अर्थातच पुरुष करतो, आणि तो इतका चोख करतो की आमच्या आत्याने लुगडे कसे नेसावे हे एकदा त्याच्याकडे बघून ठरवले होते.

हे सांगण्याचे कारण असे की, पुढचे आधी कळणे हा दशावतारात दोष मानलाच जात नाही. पहाटेपर्यंत असुराचा वध होणार, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. लोक बसतात ते वध कसा होतो आणि त्याआधी कोण कोणाला कसा शब्दांत पकडतो हे ऐकायला. दिग्दर्शक सुबोध खानोलकर यांनी हा घाट जाणूनबुजून घेतला असावा असे मला वाटते, आणि म्हणून उत्तरार्ध अपेक्षित मार्गाने जातो हा आपला आक्षेप मला लागू वाटत नाही.

मात्र त्याच घाटाने पाहिले, तर माझी तक्रार आपल्यापेक्षा मोठी आहे. जत्रेतल्या खेळात खलपार्टाला राजपार्टाइतकाच वाव असतो. कित्येकदा अधिक असतो, कारण टाळ्या घेणारा नट मंडळीचा मालक त्या पार्टासाठी राखून ठेवतो. असुर आपली बाजू अशी मांडतो की क्षणभर देवच चुकला असे वाटावे. येथे खाणवाल्यांच्या बाजूची माणसे मला पुठ्ठ्याची वाटली. सिंधुदुर्गात खाण हा विषय इतका सोपा नाही. एकाच घरात एक भाऊ डोंगर वाचवायला ग्रामसभेत ओरडतो आणि दुसऱ्याचा डंपर त्याच खाणीवर लागलेला असतो. तो दुसरा भाऊ चित्रपटात बोलला असता, तर बाबुलीचा राग आणखी धारदार झाला असता. शिवाय पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर अख्खी रात्र उभी राहते, हे ज्याने ऐकले आहे त्याला मोठ्या वाद्यवृंदाचा भडिमार खटकतोच.

तेव्हा मी गुण वाढवून दिले नाहीत. तरीही चित्रपट दोनदा पाहिला आणि दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो, हेही खरे.

थेट मुद्द्यावर:

आपण सगळे जरा जास्तच सूक्ष्मात जात आहात. एकाच शुक्रवारी ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ असे तीन मराठी चित्रपट लागले आणि त्यांनी एकमेकांचेच प्रेक्षक वाटून घेतले. अशा वेळी पहिल्या रविवारी तिकीट काढणे एवढेच आपल्या हातात असते. मत सोमवारी द्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला म्हणे, पण मुंबईच्या मल्टिप्लेक्समध्ये शनिवार-रविवारी शंभराच्या आत काय मिळते ते मला कोणी दाखवावे. पाण्याची बाटली म्हणू नका.

निवृत्त हेडक्लार्क:

मूळ प्रश्नात ‘आता थांबायचं नाय’वर घरात एकमत झाले, असा ओझरता उल्लेख आहे. मला वाटते खरी परीक्षा तेथेच आहे, कारण एकमत झाले की आपण तपासणे सोडून देतो.

मी मुंबई महानगरपालिकेच्या आस्थापना शाखेत नोकरी केली. चतुर्थ श्रेणी कामगारांची सेवापुस्तके माझ्या टेबलावरून जात असत. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर शैक्षणिक अर्हतेचा रकाना असतो आणि त्यात ‘चौथी’, ‘सातवी’, ‘आठवी नापास’ अशा नोंदी असत. एक कामगार दहावीची गुणपत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ती पिशवी पुन्हा सदऱ्याच्या आत ठेवून आला होता. पावसाळा होता. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसलेला हा गृहस्थ तिसऱ्या खेपेस पास झाला होता. मी नोंद घेतली, तर तो म्हणाला, ‘‘साहेब, आधीची सातवी खोडू नका, बाजूला लिहा. सातवीपण माझीच आहे.’’ नियमही तोच होता, पण त्याने सांगितलेले कारण नियमाच्या पुस्तकात नव्हते.

शिवराज वायचळ दिग्दर्शित हा चित्रपट पालिकेच्या अशाच चतुर्थ श्रेणी कामगारांवर आहे, सत्य घटनेवर बेतलेला आहे, आणि त्यांना रात्रशाळेत घालून दहावीला बसवणाऱ्या अधिकाऱ्याची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव हे दोघेही विनोदाच्या हुकमी जागा ठाऊक असलेले नट. विशेषतः भरत जाधवांनी त्या जागा येथे सोडून दिल्या आहेत, आणि सोडलेल्या जागा मला घेतलेल्या जागांपेक्षा अधिक आवडल्या. दिवसभर अंगमेहनत करून आलेला माणूस बाकावर बसतो तेव्हा त्याची पाठ कशी बसते, हे त्यांनी दाखवले आहे. ती पाठ मी ओळखतो.

आता दोष. चित्रपट रडवायचे ठरवून रडवतो. एकदा डोळे पाणावले की पुरे असते, परंतु येथे रुमाल खिशात ठेवण्याची उसंत मिळत नाही. दुसरे असे की, दहावी पास झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न पालिकेत काम केलेल्या प्रत्येकाला पडतो. बढतीची यादी लागते, ज्येष्ठतेवरून हरकती येतात, पद रिक्त नसते, फाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते आणि कधीकधी माणूस त्याआधी निवृत्त होतो. चित्रपटाने निकालाच्या आनंदावर थांबावे यात गैर काही नाही, तरीपण मला वैयक्तिकरीत्या ती फाइल पाहायची होती. (घरच्यांच्या मते ती पाहायला माझ्याशिवाय एकही प्रेक्षक आला नसता.)

सवलतीविषयी म्हणाल, तर मी ती दिली. फक्त ती मराठीला नव्हे, विषयाला दिली. पालिकेच्या कामगारांना पडद्यावर नायक म्हणून पाहायला मिळाले, याच आनंदात मी अर्धे दोष पोटात घातले. हे बरोबर की चूक, ते आपण ठरवा.

शेवटची रांग (डोंबिवली):

काकांचे शेवटचे वाक्य वाचून लिहायला बसले. विषयाला सवलत देणे हे मला भाषेला सवलत देण्याइतकेच धोक्याचे वाटते, आणि तिसरी एक सवलत आहे जिच्याबद्दल येथे अजून कोणी बोललेले नाही. ती म्हणजे परदेशी पारितोषिकाची.

रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. माझ्या कार्यालयातल्या पाच जणांनी त्याचे कौतुक केले आणि त्यांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. मी रात्रीच्या खेळाला गेले, तेव्हा प्रेक्षागृहात आम्ही मोजून अकरा जण होतो आणि मध्यंतरानंतर आठ उरलो.

वडिलांच्या निधनानंतर मुंबईत राहणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो आणि तेथे बाल्या या बालमित्राशी त्याचे नाते पुन्हा जुळते, एवढीच कथा आहे. नातेवाईक लग्नाचा विषय काढत राहतात. आईला मुलाविषयी सारे ठाऊक आहे आणि तिच्या मनात त्याबद्दल किंतु नाही. दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट म्हटल्यावर मी भांडणाची, गौप्यस्फोटाची, निदान एका थपडेची तरी वाट पाहत होते. तसे काही होत नाही, आणि न होण्यातच चित्रपटाचे बळ आहे. चित्रपटाला पार्श्वसंगीतच नाही. त्यामुळे शेजारच्या गृहस्थांनी वेफर्सचे पाकीट उघडले तो आवाज त्या रात्रीचा सर्वांत मोठा आवाज ठरला. बिचारे नंतर ते पाकीट मांडीवर धरून तसेच बसून राहिले.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी संगमनेरजवळच्या गावी आजोबांचे दहा दिवस काढले आहेत. त्या दिवसांत वेळ कसा साचतो, भेटायला येणारा प्रत्येक जण मृत्यूची तीच हकिगत पुन्हा कशी ऐकून घेतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरातली माणसे मृतापेक्षा जिवंतांच्या लग्नांविषयी अधिक कशी बोलू लागतात, हे इतके नेमके मी पडद्यावर पूर्वी पाहिले नव्हते.

तरीही एक आक्षेप आहे. काही ठिकाणी कॅमेरा इतका वेळ स्थिर राहतो की पात्रांची शांतता संपून दिग्दर्शकाची शांतता सुरू होते. हाच प्रसंग एखाद्या पारितोषिक न मिळालेल्या चित्रपटात असता, तर मी ‘रेंगाळला’ असे म्हटले असते. येथे मी ‘संयत’ असा शब्द वापरायला निघाले होते. तेव्हा गिरणगावकर दादा, आपण ‘दशावतार’ला जो नियम लावलात, तो मी या चित्रपटालाही लावते: तो काही ठिकाणी रेंगाळला. आणि एवढे म्हणूनही, यंदा मी पाहिलेल्यांत तो मला सर्वांत जवळचा वाटला.

गिरणगावकर (लालबाग):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाला सगळी उत्तरे वाचून दाखवली. चाकरमानी साहेबांचा खलपार्टाचा मुद्दा त्याला पटला, आणि मला तो पटल्यामुळे माझाच मूळ आक्षेप बदलावा लागतो आहे. मला उत्तरार्ध लांबला असे वाटले होते. आता आठवून पाहतो, तर कंटाळा लांबीचा नव्हता. समोरचा माणूस तोडीस तोड बोलतच नव्हता, म्हणून प्रसंग एकतर्फी झाले आणि एकतर्फी भांडण नेहमीच लांबलेले वाटते.

हेडक्लार्क साहेबांचा कामगार मात्र मला चित्रपटातल्या कोणत्याही पात्रापेक्षा जास्त दिवस लक्षात राहील. आणि ताईंनी म्हटल्याप्रमाणे सवलत कशाला दिली हे शोधायला गेलो, तर असे दिसते की मी ती ना मराठीला दिली, ना विषयाला. ती मी प्रभावळकरांना दिली. त्यांच्या जागी दुसरा नट असता, तर मध्यंतरातच माझे मत ठरले असते आणि भावाशी भांडण्याइतका उत्साहही राहिला नसता.

‘थेट मुद्द्यावर’ यांच्याशी मात्र सहमत होता येत नाही. मी रविवारी तिकीट काढतो ते माझ्या पैशाने, त्यामुळे मत सोमवारपर्यंत थोपवून धरण्याचे कारण मला दिसत नाही. पाण्याच्या बाटलीबाबतही, क्षमा असावी, शंभराच्या आत खात्री देता येत नाही.

एक शेवटची विचारणा. भाऊ आणि मी दोघांनीही खरा दशावतार कधी पाहिलेला नाही. आमचे गाव घाटावरचे. मुंबईत पाहावा की सरळ कोकणातच जावे?

भांडुपचा चाकरमानी:

मुंबईतही प्रयोग होतात, पण नाट्यगृहात तो अडीच-तीन तासांत आटपावा लागतो, खुर्च्या असतात, आणि शेवटची लोकल गाठायची म्हणून लोक असुरवधाआधीच उठतात. कार्तिकानंतर या. आमच्या गावची जत्रा तिथीप्रमाणे ठरते, तारीख कळली की येथेच कळवतो. बंधूंना घेऊन या आणि सोबत एक जाड चादर आणा. खेळ मध्यरात्रीनंतर उभा राहतो आणि देवळासमोरची जमीन पहाटे चांगलीच गार पडते.