शौलाची अवस्था: लाचार, असहाय, हतबल की परस्वाधीन?

प्रश्न: रविवारी मंडळीत बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अध्याय 9 वर बोलायचं आहे. ख्रिस्ती लोकांना बांधून यरुशलेमेस आणायला प्रमुख याजकाची पत्रं घेऊन शौल निघतो. दिमिष्काजवळ (म्हणजे दमास्कसजवळ) आकाशातून प्रकाश चमकतो, तो जमिनीवर पडतो, त्याची दृष्टी जाते. मी लिहिलं, ‘घोड्यावरून पडून शौल लाचार झाला.’ आई म्हणते, लाचार नको. मग काय लिहू?

प्रतिसाद: आईंचं बरोबर आहे, ताई. लाचारीत मान सोडून दुसऱ्यापुढे वाकणं येतं. शौल कुणापुढे गयावया करत नाही. ‘प्रभू, तू कोण आहेस?’ एवढंच विचारतो. ‘असहाय’ही बसत नाही, कारण सोबत माणसं होती आणि त्यांनीच त्याला शहरात नेलं. साहाय्य होतं, बळ गेलं होतं. म्हणून ‘हतबल’.

प्रतिसाद: हतबल चालेल, पण माझं मत ‘परस्वाधीन’ला. घरातली म्हातारी माणसं म्हणतात ना, ‘देवा, परस्वाधीन करू नकोस रे’, अगदी ती अवस्था. निघताना कुणाला बांधायचं हे हा ठरवणार होता. पोचताना पाऊल कुठे टाकायचं तेही दुसऱ्याने सांगायचं. शास्त्रात ‘हाताला धरून’ नेल्याचं स्पष्ट आहे. पुढे नीट नावाच्या रस्त्यावर, यहूदाच्या घरी, तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. मग येतो हनन्या, म्हणजे ज्यांना धरायला हा निघाला होता त्यांच्यातलाच एक. आधी तो घाबरतो, आणि घाबरणारच! तरी येऊन त्याच्यावर हात ठेवतो आणि ‘भाऊ’ म्हणतो. शत्रूच्या हातात सापडलेल्या माणसाला शत्रूनेच भाऊ म्हणावं, यावर थांबून बोला. मला हा अध्याय त्या एका हाकेसाठी प्रिय आहे.

प्रश्न: मनापासून आभार. आणि ‘आंधळा झाला’ म्हणू का?

प्रतिसाद: ‘दृष्टी गेली’ म्हणा. डोळे उघडे होते, पण काही दिसत नव्हतं, असंच वर्णन आहे. 22व्या अध्यायात पौल (हाच शौल, पुढे या नावाने ओळखला गेलेला) स्वतः कारण सांगतो ते प्रकाशाच्या तेजाचं, म्हणून ‘डोळे दिपले’ सुचेल. पण दिपणं क्षणभराचं, तीन दिवसांना ते पुरत नाही. 13व्या अध्यायात पाफोस शहरात पौल अलीम जादूगाराला ‘तू आंधळा होशील’ असं बजावतो. तोही मग हाताला धरून नेणारा शोधत फिरतो, पण ती शिक्षा आहे. दोन्ही प्रसंग एका मापाने मोजू नका. ‘आंधळेपणा म्हणजे पाप’ असं तर चुकूनही म्हणू नका; समोर दृष्टिहीन माणूस बसलेला असू शकतो.

प्रतिसाद: ‘खपल्यां’वरही दोन वाक्यं बोला. हनन्याने हात ठेवल्यावर शौलाच्या डोळ्यांवरून जे पडलं आणि दृष्टी परत आली, त्याला मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो माशाच्या खवल्यालाही चालतो आणि पापुद्र्यालाही. मराठी शास्त्रात ‘खपल्यांसारखे’ आहे, आणि ते फार चांगलं आहे. खपली जखमेवर धरते, आतून भरून आलं की सुटते.

आणि ताई, घोडा काढा. या अध्यायात घोडा कुठेच नाही, तो चित्रकारांनी आणला. सोबत्यांनी हाताला धरून नेलं, एवढंच आहे.