मॉन्टेरेच्या गार पाण्यात स्कूबा शिकावं की हवाईची वाट बघावी?

सागरवेडी
सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, शिकायचंय म्हटलं की एकच सल्ला मिळतो, हवाईला जा नाहीतर सुट्टीत गावी गेलात की तारकर्लीला करा, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मॉन्टेरेच्या त्या गारठ्यात कशाला. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. मी ४१व्या वर्षी मॉन्टेरेलाच शिकले, ब्रेकवॉटरशेजारच्या, म्हणजे लाटा अडवणाऱ्या बांधाशेजारच्या, सॅन कार्लोस बीचवर. पाणी १२ अंश. ७ मिलिमीटरचा रबरी सूट, हूड, हातमोजे, बुडता यावं म्हणून कमरेला शिसं, हे सगळं चढवून वाळूतून चालत जायचं म्हणजे आधीच दमछाक, आणि पाणी पहिल्यांदा मानेतून आत शिरलं तेव्हा श्वास अडकलाच. पण सूट अंगाला घट्ट असेल तर तेच पाणी अंगाच्या उबेने थोड्या वेळात कोमट होतं.

आणि मग खाली केल्पचं, म्हणजे उंचच उंच समुद्री शेवाळाचं, जंगल. तळापासून पार वरपर्यंत गेलेल्या वेली, दिवसाला दीड-दोन फूटसुद्धा वाढतात म्हणे आणि ते बघून पटतं, मधून ऊन झिरपतंय, मागून सील येऊन पायातल्या फिन्स ओढतोय. फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी पांढरी समुद्रफुलं खडकांवर. वसंतात वायव्येचा वारा वरचं पाणी लोटून देतो आणि खोलातलं गार, सकस पाणी वर येतं, त्यावरच हे सगळं पोसलं जातं. पाणी गार आहे म्हणून तर ते आहे. दोन तासांवर हे असताना विमानाची तिकिटं कशाला काढायची?

देवबागकर
ताई, तुमचा उत्साह कळतो पण मला अजिबात पटलं नाही. मी तारकर्लीशेजारच्या देवबागचा, लहानपण खाडीतच गेलं, मला पाण्याची भीती कधी नव्हती. म्हणून हौसेने बायकोला मॉन्टेरेला कोर्सला घातलं. भाड्याचा सूट ढगळ मिळाला, गार पाणी सारखं आत-बाहेर, दुसऱ्या डाइव्हला ओठ निळे पडले, बोटं इतकी बधिर की मास्क काढून परत लावायचा तो सराव जमेना आणि इन्स्ट्रक्टर म्हणतोय अजून एकदा कर. रडत बाहेर आली. तीन वर्षं झाली, गावी गेलो तरी गुडघ्याच्या वर पाण्यात येत नाही. शिकताना माणसाचं डोकं शिकण्यात पाहिजे, थंडी सोसण्यात नको. आधी कोमट पाण्यात गोडी लागू दे, मग या की मॉन्टेरेला.

सागरवेडी
वहिनींचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तारकर्लीला जे होतं त्याला शिकणं कसं म्हणायचं? तिथे पोहता येत नसलं तरी नेतात, माणूस मागून धरतो, आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा. अनुभव म्हणून छान आहे, नाही म्हणत नाही.

पाणसर्प
मी इथे दहा वर्षं डाइव्ह करतोय, कोर्सला मदतनीस म्हणूनही असतो. देवबागकर, वहिनींच्या बाबतीत चूक सूटची आणि त्या इन्स्ट्रक्टरची. विद्यार्थी कुडकुडायला लागला की डाइव्ह तिथेच थांबवायचा असतो, पुढच्या आठवड्यात करता येतो.

पण मला जास्त काळजी दुसऱ्यांची वाटते. हवाईत पातळ सूट आणि चार किलो शिसं घेऊन शिकलेला माणूस १८ मीटर खोल जायच्या परवानगीचं कार्ड घेऊन थेट इथे येतो. इथे शिसं तिप्पट, जाड सूट खोल गेल्यावर दाबला जाऊन पातळ होतो म्हणजे ऊबही कमी आणि तरंगणंही कमी, लाटेचं हेलकावणं, कधी पाच मीटरपलीकडचं दिसत नाही. कार्ड तेच, पाणी वेगळं. इथे शिकलेल्याला हवाई सोपं जातं, उलटं होत नाही.

सागरवेडी, तुमच्याशी एका गोष्टीत मतभेद. वसंताचं एवढं कौतुक केलंत पण नवशिक्याने एप्रिल-मेमध्ये येऊच नये, पाणी सगळ्यात गार आणि गढूळ तेव्हाच असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर बघा.

रानजाई
कुठे शिकावं यावर एवढं चाललंय, त्या केल्पचं काय? २०१३ पासून रोगाने तारामासे मेले, पाठोपाठ समुद्र तापला, मग ते तारामासे ज्यांना खायचे ते साळूसारख्या काट्यांचे अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प खाऊन संपवलं, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला तर जवळपास सगळंच गेलं. मॉन्टेरेला जे टिकलंय त्यात सी ऑटरचा, म्हणजे समुद्री पाणमांजरांचा, मोठा वाटा आहे, ते अर्चिन खातात. हे ऑटर या किनाऱ्यावरून संपले असंच धरून चालले होते, १९३८ मध्ये बिग सरजवळ पन्नासेक दिसले. एवढ्या मुश्किलीने राहिलेल्या ठिकाणी धड तरंगता न येणाऱ्यांचे क्लास नेऊन फिन्स आपटायच्या हे मला पटत नाही. आधी स्विमिंग पूलमध्ये नीट तयारी करा.

पाणसर्प
मान्य. म्हणून चांगले क्लास पहिले डाइव्ह वाळूवर घेतात, केल्पच्या बाहेर.

सागरवेडी
रानजाई, बरोबर आहे, मीसुद्धा पहिल्या दिवशी एक वेल तोडली, अजून लागून राहिलंय. ऋतूचंही मान्य. पण शिकावं इथेच, हे मत बदललेलं नाही.

देवबागकर, वहिनींची उंची माझ्याएवढी असेल तर माझा सूट देते, अंगाला बसतो का बघू. टँक नको, कोर्स नको, ऑक्टोबरमध्ये मॉन्टेरेजवळच्या लव्हर्स पॉइंटला नुसतं मास्क लावून वरून बघायचं, मी शेजारी असेन.

देवबागकर
विचारतो तिला. हो म्हणेल असं वाटत नाही, पण विचारतो.