मोरांदीच्या बाटल्या: साधना की पळवाट?

काजळरेघ:
इटालियन चित्रकार जॉर्जिओ मोरांदीबद्दल (१८९०–१९६४) दोन आक्षेप कायम ऐकू येतात. एक, आयुष्यभर तेच तेच काढलं. दोन, जगाकडे पाठ फिरवली. मला दोन्ही पटत नाहीत.

हा माणूस बोलोन्यात जन्मला आणि तिथेच गेला. व्हिया फोंदाझ्झावरच्या घरात आई आणि तीन बहिणींबरोबर राहिला, लग्न केलं नाही. निजायची खोली हाच स्टुडिओ. उन्हाळ्यात ग्रिझ्झाना गावी जायचा, इटलीबाहेर क्वचितच गेला. आणि काढलं काय, तर बाटल्या, डबे, सुरया, वाडगे. पण जरा जवळ जाऊन बघा. काचेच्या बाटलीत तो रंग ओतायचा, डब्यांवरची लेबलं रंगाखाली झाकायचा. चकाकी गेली, नाव गेलं की उरतो नुसता आकार. वस्तूंवर साचलेली धूळ तशीच राहू द्यायचा. टेबलावरच्या कागदावर प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती रेघ मारून ठेवायचा. बाटली बोटभर सरकली तरी त्याच्या लेखी चित्र नवं. याला पुनरावृत्ती म्हणायचं, तर रोज पहाटे तोच राग आळवणाऱ्या गवयालाही म्हणा.

थेटबोल:
असहमत. हात मोठा होता, त्याबद्दल वादच नाही. पण गवई समोर बसलेल्या माणसांसाठी गातो. या टेबलाभोवती माणूसच नाही.

शिवाय त्याने पाठ फिरवली, हेही अर्धंच खरं. १९२८ साली बोलोन्यातल्या एका फॅसिस्ट नियतकालिकात त्याचं आत्मवृत्त छापून आलं. त्यात त्याने फॅसिझमवरची आपली श्रद्धा स्वतः लिहिली आहे. १९३० साली तिथल्या कला अकादमीत एचिंगचं (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून चित्र छापायची कला) प्राध्यापकपद मिळालं, तेही निवडचाचणीविना, नावलौकिकावर. हे माहीत झाल्यापासून त्या चित्रांतली शांतता मला टोचते. त्यात शांतता किती आणि गप्प बसणं किती?

जुनी पेन्सिल:
मुलांना इंटरमिजिएटचं स्थिरचित्र शिकवतो, म्हणून चित्रापुरतं बोलतो. आम्ही सांगतो, पुढची वस्तू मागचीपासून सुटी दिसली पाहिजे. मोरांदी नेमकं उलटं करतो. दोन डब्यांच्या कडा एका रेषेत आणतो, मग पुढचा कुठला, मागचा कुठला, कळेनासं होतं आणि मधली मोकळी जागाच वस्तूसारखी घट्ट होते. एचिंगमध्ये तर नुसती आडव्या-तिरप्या रेघांची जाळी. जिथे जाळी विरळ, तिथे उजेड पडलेली बाटली. हे वर्गात दाखवलं की मुलं खोडरबर खाली ठेवतात.

काजळरेघ:
@थेटबोल, १९२८चा मजकूर मला माहीत होता. धागा काढताना तो टाळला, ही माझी चूक. पण मग १९४३ही सांगा. फॅसिस्टविरोधी मित्रांशी असलेल्या संबंधांवरून त्याला पकडलं, काही दिवस तुरुंगात ठेवलं. सुटल्यावर तो ग्रिझ्झानाला जाऊन राहिला.

थेटबोल:
अटक मान्य. पण त्या काही दिवसांच्या तुरुंगवासाने १९२८ पुसलं जात नाही. १९५७ला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन) चित्रकलेचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते हक्काचंच होतं. चित्रं वाईट आहेत असं मी म्हटलेलंच नाही. एकांतात रमलेला भोळा संत म्हणून त्याची आरती ओवाळू नका, एवढंच. प्रत्येक लेखात १९२८ आणि १९४३ ही दोन्ही सालं शेजारी शेजारी असायला हवीत.

काजळरेघ:
सालं लिहायलाच हवीत, यापुढे लिहीन. पण बाटल्या गप्प आहेत, हे मात्र मला अजूनही मान्य नाही. त्याची शेवटच्या वर्षांतली जलरंगातली चित्रं काढून बघा. पुसट करड्या रंगाचे दोन डाग, मध्ये कोरा सोडलेला कागद. त्या कोऱ्या जागेत सुरई उभी असते, मान जराशी कललेली.