पारलिंगी नायकाच्या कथेत बालपणाचे क्रियापद कोणते लिहावे?

तळ्याकाठची, सोलापूर

नमस्कार. गेली चार वर्षे मी कथा लिहिते आणि आम्ही सात-आठ जण एकमेकांच्या कथा वाचून त्यांवर लेखी मत देतो. सध्या माझी एक कथा एकाच जागी अडून बसली आहे, म्हणून येथे विचारत आहे.

कथेचा नायक पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे घरच्यांनी त्याला मुलगी म्हणून वाढवले, पण तो स्वतःला पहिल्यापासून मुलगाच समजत आला. घर सोलापुरातलेच, बोलणे कन्नड, शाळा मराठी. कथेच्या मध्यभागी त्याच्या नवव्या वर्षीची संक्रांत आहे. सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी त्याच्या धाकट्या चुलतभावाला पांढरी बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा अंगरखा, शिवली जाते. तो मुलगा वडीलधाऱ्यांबरोबर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालणार असतो, आणि आमच्या नायकाला मात्र वाणांचे ताट धरून आईमागे हळदी-कुंकवाला हिंडावे लागते. रात्री सगळे निजल्यावर तो भावाची बाराबंदी पेटीतून काढून अंगात घालतो. पण कोणता बंद कशाला बांधायचा हे त्याला कळत नाही, कारण ते घरातले पुरुष मुलांना शिकवतात आणि त्याला कुणी शिकवलेले नसते. बंद तसेच लोंबत ठेवून तो मागच्या दाराने तळ्याकडे पळतो.

पहिल्या खर्ड्यात मी एकोणिसाव्या वर्षापर्यंत 'ती' आणि त्यानंतर 'तो' असे लिहिले होते. ही कथा बरीचशी माझ्या मावसभावाच्या आयुष्यावरून सुचली असल्यामुळे सर्वांत आधी ती त्याला वाचायला दिली. त्याने बावीस पानांत एकाच ठिकाणी पेन्सिलीची खूण केली. वाक्य होते, 'ती तळ्याकडे पळाली.' मी विचारले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "अक्का, त्या रात्री पळालो तर मीच होतो ना?"

ते ऐकल्यापासून मला 'ती' लिहिता येत नाही. मात्र आमच्यापैकी दोघांचे म्हणणे असे, की पहिल्या ओळीपासून 'तो' लिहिले तर या मुलाला हळदी-कुंकवाला का नेतात हेच वाचकाला कळणार नाही आणि घरच्यांनी लादलेले मुलगीपण कथेतून नाहीसे होईल. तिसरा मार्ग म्हणून लिंग कळूच नये अशी वाक्ये दोन पाने लिहून पाहिली, पण ती सरकारी परिपत्रकासारखी झाली.

आणखी एक गोष्ट आहे. कथा इतरांना दाखवायला भावाची हरकत नाही, पण त्याच्या आईला कुणी ओळखू नये अशी त्याची इच्छा आहे. आमच्या गल्लीत बाराबंदीचा एवढा एक प्रसंगही ओळख पटायला पुरेसा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

व्याकरणाचा विद्यार्थी

ताई, मी शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे माझ्या विषयापुरते बोलतो.

मराठीतले 'मी' बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही, ते सांगण्याचे काम क्रियापदाकडे आहे. पण प्रत्येक क्रियापद ते काम करत नाही. 'मी बाराबंदी घातली', 'मी ताट उचलले', 'मी त्याला पाहिले' ही कर्मणी आणि भावे प्रयोगातली वाक्ये पुरुषाने लिहिली की स्त्रीने, हे ओळखता येत नाही. 'मी जाईन', 'मला भूक लागली', 'आम्ही निघालो' यांतूनही काही कळत नाही. आपला जुना रीतिभूतकाळ तर याबाबतीत फार उदार आहे: 'मी तळ्याकाठी जाई, पायरीवर बसे, पाण्यात खडे टाकी.' आठवणीतल्या बालपणाला तो शोभतोही. आपली दोन पाने कोरडी झाली, त्याचे कारण बहुधा आपण कर्ता गाळून 'जाण्यात आले' या वळणाची वाक्ये केलीत. तसे करण्याची गरज नाही.

मात्र एक मर्यादा आहे, आणि मला तीच आपल्या कथेच्या कामाची वाटते. पळणे, पडणे, रडणे, हसणे, घाबरणे, लपणे ही सारी अकर्मक क्रियापदे आहेत आणि भूतकाळात ती कर्त्याचे लिंग सांगितल्यावाचून राहत नाहीत. शिकणे, विसरणे, म्हणणे ही क्रियापदेही तशीच आहेत. 'मी भाकरी खाल्ली' इथे लिंग लपते, 'मी रडलो' इथे लपत नाही. म्हणजे मूल जोवर वस्तू हाताळते तोवर त्याला लपता येते आणि त्याच्या मनाला काही झाले, की भाषा त्याला उघडे करते. म्हणून माझी सूचना अशी, की कथा प्रथमपुरुषी करावी, चार पाने रीतिभूतकाळात आणि कर्मणी प्रयोगात जाऊ द्यावी आणि लिंग दाखवणारे पहिले क्रियापद त्या रात्रीसाठी राखून ठेवावे: 'मी पळालो.' त्या एका 'लो'वर साऱ्या कथेचा भार पडेल.

एक आठवण द्यावीशी वाटते. कोल्हापूरकडच्या अनेक मुली घरी सहजपणे 'मी आलो' म्हणतात आणि तिथे कुणाला ते खटकत नाही. तेव्हा 'लो' म्हणजे पुरुष हे समीकरणही सगळ्या मराठी मुलखात सारखे लागू नाही.

पूर्व भाग

मी पारलिंगी स्त्री आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, घरी तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबात वाढले. सरांचे उत्तर दोनदा वाचले. त्यातले व्याकरण मला फार आवडले, पण सूचनेशी मी सहमत नाही, आणि का नाही ते थोडे सविस्तर सांगते.

लिंग चार पाने लपवून मग उघड केले, की वाचकाला धक्का बसतो. सरांचा हेतू तो नाही हे मला समजते. तरीही आमच्याविषयीच्या कितीतरी कथा याच धक्क्यावर उभ्या असतात. शेवटच्या परिच्छेदात कळते, की ती 'खरी' कोण होती. वाचक चकित होतो, लेखकाला दाद मिळते आणि आमचे असणे हे एका रहस्याचे उत्तर होऊन बसते. माझ्या आयुष्यात माझ्यापुरते रहस्य कधीच नव्हते. मी कोण हे मला ठाऊक होते, फक्त बाकीचे चुकीची हाक मारत होते. आपल्या भावाच्या पेन्सिलीची खूणही हेच सांगते असे मला वाटते.

भाषेचा माझा स्वतःचा अनुभव सांगते. तेलुगूत 'नेनु वच्चानु' हे 'मी आलो'ही असते आणि 'मी आले'ही. आपल्या घरच्या कन्नडमधले 'नानु बंदे' तसेच. त्यामुळे घरी स्वतःविषयी बोलताना मला कधी काही निवडावे लागले नाही. मराठी शाळेत गेले आणि पहिल्याच वाक्यात निवडावे लागले. मी 'बाई, मी आले' म्हटले. वर्ग हसला. बाईंनी 'आलो म्हण' असे सांगितले आणि तेलुगू घरातले पोर आहे, मराठी चुकायचेच, असे म्हणून सोडून दिले. ही समजूत मला पुढे तीन वर्षे पुरली. मी मुद्दाम 'गेले', 'बसले', 'विसरले' म्हणत राहिले आणि सर्वांना ते कच्चे मराठी वाटत राहिले. मराठीत मला मिळालेला तो पहिला आडोसा होता. आपला नायकही कन्नड घरातून मराठी शाळेत गेलेला आहे. त्याच्या तोंडीही असे एखादे 'चुकलेले' क्रियापद असणार, ते शोधून पाहावे.

वाचकाला कसे कळेल, ही शंका मला मोठी वाटत नाही. निवेदनात पहिल्या ओळीपासून 'तो' लिहावे आणि लादलेले मुलगीपण इतरांच्या तोंडी ठेवावे. मराठीत त्यासाठी 'गं' आणि 'रे' पुरेसे आहेत. आई 'आवर गं' म्हणते आणि निवेदक 'तो निघाला' म्हणतो, एवढ्यावर वाचकाला सारे कळते, कारण घर त्याला काय समजते आणि तो कोण आहे हे दोन्ही एकाच ओळीत येते. शिवाय 'आलीस का', 'कुठे गेली होतीस' अशा हाका कथाभर येत राहतील आणि प्रत्येक हाक त्याला किती लागते हे वेगळे सांगावे लागणार नाही. एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे: नपुंसकलिंगी 'ते'. लेकरू पळाले, पोर रडले, हे मायेने चालते. मोठ्या माणसाला 'ते आलं बघ' असे म्हणतात तेव्हा त्यात काय असते, ते मी रस्त्यावर पुष्कळदा ऐकले आहे.

कथा लोकांना दाखवण्याविषयी आता माझे थोडे. मी काही वर्षे कथा लिहून ओळखीच्या वाचकांना पाठवत असे. इतरांच्या कथेवर चर्चा व्हायची ती पात्रे, भाषा आणि शेवट यांची. माझ्या कथेवर पहिला प्रश्न यायचा, "हे खरेच घडले का?" दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेविषयी असे. एका कथेत मी केवळ बिड्या वळणाऱ्या दोन मैत्रिणी आणि त्यांच्यातले उसने पैसे याविषयी लिहिले होते, त्यांतली एक पारलिंगी होती एवढेच. त्यावर तिच्या दुःखाचे चित्रण कमी पडले असे मत आले. कल्पना करण्याचा हक्क आम्हाला कुणी देत नाही, आमच्याकडून फक्त साक्ष मागतात. म्हणून ताई, आपल्या वाचकांनी कथेत आणखी छळ, आणखी अश्रू मागितले तर कृपया देऊ नका. लोंबणारे बारा बंद पुरे आहेत. ते वाचताना मला थांबावे लागले.

जुनी नोंदवही

माझे थोडेच, पण काळाविषयी आहे. कथेत साल दिलेले नसले तरी आपल्या मनात ते पक्के असावे, कारण प्रत्येक सालात पात्राच्या हाती वेगळे शब्द असतात. नवव्या वर्षीचा प्रसंग २००० च्या आसपासचा असेल, तर सोलापुरातल्या त्या मुलाला 'पारलिंगी' किंवा 'ट्रान्स' हा शब्द कुठून मिळणार? निवेदकानेही तो घाईने वापरू नये. २०११ च्या जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्याशिवाय 'इतर' अशी नोंद होती आणि देशभरात तिची संख्या ४,८७,८०३ भरली. मात्र माहिती बहुधा घरातला कर्ता माणूस देतो, त्यामुळे आपला नायक त्या संख्येतही नसणार. तो वडिलांच्या तोंडून स्त्रियांच्या रकान्यात गेला असणार. हा प्रसंग कथेत आणण्याजोगा आहे: दारात प्रगणक, वडील उत्तरे देत आहेत आणि विशीतला मुलगा आतल्या खोलीतून ऐकतो आहे. स्वतःचे लिंग स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो १५ एप्रिल २०१४ रोजी, आणि संसदेचा कायदा २०१९ चा. नायकाने या तारखांच्या आधी नाव बदलले की नंतर, यावर त्याला कोणत्या खिडकीवर काय ऐकावे लागले हे ठरेल.

मावशींच्या ओळखीबाबत सुचवतो, की बाराबंदी बदलू नये, माणसे बदलावीत. आईच्या जागी आजी आणावी, चुलतभावाऐवजी मामाचा मुलगा घ्यावा, गल्ली आणि वडिलांचा व्यवसाय बदलावा. यात्रा साऱ्या सोलापूरची आहे, तिच्यावरून कुणी एक घर ओळखले जात नाही. आणि परवानगी एकदा मिळाली म्हणून ती सर्वत्र लागू झाली असे समजू नये. आठ जणांनी वाचणे वेगळे, दिवाळी अंकात छापणे वेगळे. तेव्हा पुन्हा विचारावे.

व्याकरणाचा विद्यार्थी

'पूर्व भाग' यांचे म्हणणे मला पटले, माझी सूचना मी मागे घेतो. वर्गात मुलांची क्रियापदे सुधारणे हे माझेही रोजचे काम होते. त्यांतल्या काही चुका चुका नसतील, हा विचार मला आजवर शिवला नव्हता. त्या मुलांचे चेहरे आठवण्याचा आज प्रयत्न करतो आहे.

तळ्याकाठची, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आईच्या जागी आजी आणली आणि कथा एकदम मोकळी झाली, कारण आजी फक्त कन्नड बोलते. शेवटच्या प्रसंगात एकतिसाव्या वर्षी नायक स्वतःची बाराबंदी घेऊन घरी येतो, तेव्हा त्याचे बंद कोण बांधणार हे मला सुचत नव्हते. आता आजीच बांधते. सत्तर वर्षे घरातल्या पुरुषांना बांधताना पाहून ती ते शिकलेली असते. बांधताना ती त्याला 'तम्मा' म्हणते, म्हणजे कन्नडमध्ये धाकट्या भावाला, मुलग्याला मारायची मायेची हाक.

जनगणनेचा प्रसंग घेतला आहे. 'पूर्व भाग' ताई, चुकलेले क्रियापदही भावाला विचारून मिळाले. तिसरीत त्याने 'मी जिंकलो' असे लिहिले होते आणि त्यावर लाल शाईची रेघ होती. ती वही त्याने अजून ठेवली आहे.

नवी पहिली ओळ अशी झाली आहे: '"आवर गं लवकर," आजी कन्नडमधून म्हणाली आणि तो वाणांचे ताट उचलून तिच्यामागे निघाला.' आता अडचण एवढीच, की आजी कन्नड बोलत असेल तर तिच्या तोंडी मराठी 'गं' शोभेल का? काल रात्री भावाला ही ओळ फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, 'गं' राहू दे, मला तसेच ऐकू यायचे.