सुक्या कचऱ्यातली कात

ए-३०१ (ताई): सेक्रेटरी, काय चाललंय हे? कचरा नेणाऱ्या मावशी माझ्या दारात थरथरत बसल्यात. बी विंगच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात सापाची कात निघाली. फोटो टाकलाय, बघा. चांगली पाच फुटी आहे. डोळ्यांवरच्या गोल टिकल्यासुद्धा दिसतायत. खाली मुलं खेळतात!

सी-१०२ (काका): पंपरूमच्या मागचं गवत. जूनपासून सांगतोय.

सेक्रेटरी: ताई, सर्पमित्राला फोन लावलाय. सगळ्यांनी आधी मुलांना वर बोलावून घ्या.

ए-४०४: निदान कात सुक्या कचऱ्यात टाकली. आपल्याकडे माणसांना अजून ओला-सुका कळत नाही.

ए-३०१ (ताई): इथे बाई रडतेय आणि तुम्हाला विनोद सुचतात?

ए-४०४: सॉरी ताई. पाणी द्या त्यांना. मी खाली येतो.

बी-५०२ (दादा): सेक्रेटरी काका, सर्पमित्राला येऊ नका म्हणून कळवा, प्लीज. कात माझ्या बॉल पायथनची, म्हणजे मी पाळलेल्या छोट्या अजगराची आहे. साप पेटीतच आहे, आत्ताच बघून आलो. कात सापापेक्षा लांब भरते, साप चार फुटांचाही नाही. ती कागदात गुंडाळून टाकायला हवी होती, चूक आमची. मावशींची खाली येऊन माफी मागतो.

ए-३०१ (ताई): म्हणजे तुमच्या घरात साप आहे? माझी मुलगी तुमच्याकडे गणिताला येते!

बी-५०२ (आई): अगं, तो त्याच्या खोलीत असतो. दार बंद. मुली हॉलमध्ये बसतात. चार वर्षांत कुणाला दिसला तरी का?

ए-३०१ (ताई): तेच तर म्हणतेय काकू. चार वर्षं सांगितलं नाहीत.

सी-३०५ (साहेब): सर्व सभासदांना नम्र विनंती. रविवारच्या सभेत ठराव घ्यावा : साप, अजगर वा कोणताही सरपटणारा प्राणी सोसायटीत पाळण्यास सरसकट बंदी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार हा गुन्हा आहे. पोलिसांत जाण्याची वेळ आणू नये.

ए-२०१ : साहेब, 'सरसकट बंदी' आमच्या कुत्र्याच्या वेळीही होती. प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक वाचून दाखवलं तेव्हा कुठे थांबलात. कुत्री पाळण्यावर बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.

सी-३०५ (साहेब): तो विषय संपला आहे. लिफ्टमधले केस संपलेले नाहीत.

ए-२०१ : केस आमच्याच कुत्र्याचे कशावरून?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

सी-१०२ (काका): विषय गवताचा आहे. पंपरूमच्या मागे गुडघाभर गवत आहे.

बी-५०२ (दादा): साहेब, भारतातले साप घरात ठेवणं गुन्हा आहे, अगदी बरोबर. नाग असो, धामण असो, आपला अजगर असो. कुणी ठेवत असेल तर मीच वनखात्याला कळवीन. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. त्याचा व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. आपल्या कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंदणी आली आणि २०२४ च्या नियमांनी ती पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची ठरली. माझा अर्ज मुदतीत केलेला आहे. पावती सेक्रेटरींना पाठवतो, ग्रुपवर नको, त्यावर माझा पत्ता वगैरे आहे.

सी-३०५ (साहेब): कागद असला म्हणून साप पेटीत राहतो असे नाही. ऑगस्ट २०१३, कॅनडातील कॅम्पबेल्टन. पाळीव प्राण्यांच्या दुकानावरचे घर. अजगर पिंजऱ्यातून वायुवीजनाच्या पाइपात शिरला, छतातून हॉलमध्ये पडला. तिथे झोपलेले दोन भाऊ गेले. वय ४ आणि ६. आपल्या बाथरूमचे डक्ट पहिल्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत एकच आहेत, हे बिल्डरच्या वेळेपासूनचे जुने सभासद जाणतात.

ए-३०१ (ताई): बापरे. मला हे वाचवतसुद्धा नाहीये.

सी-३०५ (साहेब): आणखी एक. २०१९, जर्मनीतले हेर्न. इमारतीत पाळलेला नाग सुटला. ३० जणांना घरे सोडावी लागली, साप काही दिवसांनी सापडला. पुढे त्या राज्याने विषारी प्राणी नव्याने पाळण्यावर बंदी आणली. जर्मन लोक काही उगाच घाबरणारे नाहीत.

बी-५०२ (दादा): दोन्ही घटना खऱ्या आहेत. पण कॅनडातला आफ्रिकन रॉक पायथन होता. चौदा फुटांच्या आसपास, वीस किलोंच्या वर. हेर्नचा तर विषारी नागच. यातला एक जरी कुणी फ्लॅटमध्ये ठेवत असेल तर तुमच्या ठरावावर पहिली सही माझी. माझा दीड किलोचा, बिनविषारी आहे. घाबरला की डोकं वेटोळ्याच्या मधोमध घालून चेंडू होतो, म्हणून तर 'बॉल'. नॉर्वेत अनेक वर्षं सरपटणारे प्राणी पाळायला बंदी होती. २०१७ मध्ये त्यांनी १९ जाती मोकळ्या केल्या, त्यांत हा आहे. जात बघून ठरवा एवढंच म्हणतोय.

ए-४०४: दीड किलो म्हणजे माझ्या लॅपटॉपएवढा!

ए-३०१ (ताई): लॅपटॉप पाइपात शिरत नाही.

सी-१०२ (काका): गेल्या जुलैत पंपरूमच्या पायरीवर घोणस होती. वॉचमनच्या पायापासून वीतभर. कुकरची शिट्टी वाजावी तसा आवाज, मी स्वतः ऐकलाय. तेव्हा ठराव झाला नाही. गवत आजही तेवढंच आहे.

बी-२०३ (डॉक्टर): काकांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यामागे नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे मोकळे साप, शेतातले, घराभोवतीचे. आपली लस याच चौघांच्या विषावर आहे. परदेशी विषारी साप चावला तर ती लस कामाची असेलच असं नाही, म्हणून तशा सापाला कुठल्याही कारणाने इमारतीत जागा नको. बॉल पायथन चावला तर ओरखडे येतील, जखम धुवायची. खरी काळजी साल्मोनेलाची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर तो जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी हात लावायचा नाही, इतरांनी लावला तर साबणाने हात धुवायचे. कातही उघड्या हाताने धरायची नाही. मावशींनी हात धुतले का?

ए-३०१ (ताई): धुतले. मीच साबण दिला.

सी-३०५ (साहेब): डॉक्टर, आपण बंदीच्या बाजूचे की विरोधातले? स्पष्ट सांगावे.

बी-२०३ (डॉक्टर): विषारी सापांवर पूर्ण बंदी. मोठ्या अजगरांवर पूर्ण बंदी. बाकीच्यांना नोंदणी, कुलूप, डक्टला जाळी आणि शेजाऱ्यांना माहिती. याहून स्पष्ट मला सांगता येत नाही.

बी-५०२ (आई): मला दोन शब्द बोलू द्या. पहिले सहा महिने मीही त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. लेकाशी भांडले. मग एकदा तो तापाने पडला आणि पेटीतलं पाणी मला बदलावं लागलं. हात कापत होता. साप कोपऱ्यात वेटोळं करून पडला होता, जीभ बाहेर काढून नुसता हवा चाखत होता. भीती अजून आहे, खोटं कशाला बोलू. पण ताई, तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही क्लास बंद कराल म्हणून गप्प राहिले. चुकलं माझं.

ए-३०१ (ताई): काकू, तुमच्या शिकवण्याबद्दल कधी तक्रार नव्हती. पण हा निर्णय माझा होता, तो तुम्ही परस्पर घेतलात. त्याचंच वाईट वाटलं.

सी-३०५ (साहेब): भावनेचा प्रश्न नाही. ठराव : सरसकट बंदी. पुन्हा लिहीत आहे, कारण वर वाहून गेले.

ए-२०१ : सरसकटला आमचा विरोध. पुन्हा लिहितोय, कारण तुम्ही पुन्हा लिहिलंत.

सेक्रेटरी: पावती मिळाली, पाहिली. डॉक्टरांनी सांगितलं त्याप्रमाणे दोन ठराव वेगवेगळे मांडू. साहेबांचाही मांडू. बी-५०२ च्या बाथरूमला उद्या जाळी बसेल, खर्च त्यांचा.

बी-५०२ (दादा): मान्य. मावशींशी बोललो. त्या म्हणाल्या, परत डब्यात असलं काही आलं तर बी विंग सोडून देईन. यापुढे कात बंद डब्यात माझ्याकडेच राहील.

ए-३०१ (ताई): पेटीच्या कुलपाचा फोटो टाक.

बी-५०२ (दादा): टाकला. सरकती काच, दोन्ही बाजूंना कुलूप.

ए-३०१ (ताई): किल्ली?

बी-५०२ (आई): एक त्याच्याकडे, एक माझ्या कमरेला.

ए-३०१ (ताई): जाळी बसेपर्यंत ती क्लासला येणार नाही. नंतर मी स्वतः येऊन बघेन, मग ठरवेन. आणि लिफ्टमधून तो कधीही न्यायचा नाही. डॉक्टरकडे न्यायचा झाला तर आधी ग्रुपवर टाकायचं.

बी-५०२ (दादा): हो ताई. बंद पेटीतून नेईन आणि आधी कळवेन.

सी-१०२ (काका): आणि गवत?

सेक्रेटरी: काका, रविवारी सभेत घेऊ.

सी-१०२ (काका): आज मंगळवार आहे. उद्या सकाळी मी विळा घेऊन उतरतोय. गमबूट आणि जाड हातमोजे कुणाकडे आहेत?

बी-५०२ (दादा): माझ्याकडे दोन जोड आहेत काका. सात वाजता येतो. आधी लांब काठीने गवत हलवू, हात लगेच घालू नका.