हेबिअस म्हणजे दुसरं अपील नव्हे
अमेरिकेत अपील फेटाळलं तरी हेबिअस कॉर्पस याचिकेत, म्हणजे कैदच बेकायदा आहे म्हणून केलेल्या अर्जात, खटला नव्याने चालतो, असं काही जण म्हणतात. तसं नाही. साक्षीदार खरा की खोटा यात संघीय (म्हणजे राज्याचं नव्हे, केंद्राचं) न्यायालय सहसा शिरत नाही. घटनेने दिलेला हक्क डावलून कैदेत ठेवलंय का, हे बघतं. तोच मुद्दा आधी राज्यातल्या न्यायालयांत मांडून झालेला हवा. सगळ्यात जाचक आहे ती मुदत. १९९६च्या कायद्यानुसार साधारणपणे शिक्षा अंतिम झाल्यापासून, म्हणजे थेट अपिलाचे मार्ग संपल्यापासून, एकच वर्ष! त्यानंतर शिक्षेविरुद्ध राज्यातल्या न्यायालयात रीतसर केलेला अर्ज प्रलंबित असेल तेवढा काळ त्यातून वगळतात, वकील शोधण्यात गेलेले महिने मात्र नाही. आणि या टप्प्यावर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा घटनात्मक हक्कही नाही. कोठडीत बसून स्वतःच अर्ज खरडणाऱ्या माणसावर हा सरळ अन्याय आहे. तुमच्या ओळखीत असा कैदी असेल तर त्याची शिक्षा अंतिम झाल्याची तारीख आजच काढून घ्या.